सूत बघून फणी

माझ्या दुकानाची मागची भिंत आणि एका यंत्रमाग कारखान्याची बाजूची भिंत एकच आहे. पलीकडे चोवीस सांचे. ते चालू असले की टेबलावरचे बारीक स्क्रू हळूहळू कडेला सरकतात आणि संध्याकाळी खाली पडलेले मी चुंबकाने गोळा करतो. अशा जागी अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरचं दुकान टाकणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, असं पहिल्याच दिवशी समोरच्या पानवाल्याने सांगितलं होतं. पण भाडं परवडत होतं. आणि भिवंडीत शांत भिंत शोधत बसलो असतो तर अजून शोधतच असतो.

वडील सांच्यांवर जॉबर होते. मी सांच्यांच्या जगात शिरलो तो त्यांचा डबा पोचवता पोचवता. कारखान्यात बोलणं ऐकू यायचं नाही, सगळं हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून चालायचं. घरी आल्यावरही ते ओरडूनच बोलायचे. त्यांचं एक वाक्य मात्र डोक्यात बसलं. नवा कारागीर बीम चढवताना घाई करायला लागला की ते म्हणायचे, "आधी सूत बघ, मग फणी लाव." तलम सूत मोकळ्या फणीत घातलं तर कापड झिरझिरीत होतं. जाड सूत बारीक फणीत कोंबलं तर तार घासून तुटत राहते आणि कारागीर दिवसभर गाठी मारत बसतो. सूतही चांगलं, फणीही चांगली, तरी कापड वाईट. पुढे माझ्या धंद्यात नेमकं हेच रोज बघायला मिळणार होतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला आणि मग लॅमिंग्टन रोडच्या वाऱ्या सुरू झाल्या. त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण तिथे पार्ट घ्यायला जाणारा कोणी ते नाव घेत नाही. टू एन थर्टी फिफ्टी फाइव्हची जोडी, एलए ४४४०, एसटीकेची आयसी, ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा. पिशवी भरून आणायची आणि रात्री जोडायची. तो जमाना पीएमपीओचा होता. हातात मावेल एवढ्या डेकवर चकचकीत स्टिकर: '१००० वॅट'. त्या आकड्याला कसलंच माप नव्हतं, मीटर लावून तो कोणी दाखवू शकत नव्हतं. पण गिऱ्हाइकाला तो पाठ असायचा. माझा हातबनावटीचा अ‍ॅम्प्लिफायर खरा पंचवीस-पंचवीस वॅटचा. तो विकताना मला लाज वाटायची. म्हणून मीही पुढे पुढे आकडा गोल करून सांगायला लागलो. खोटं का बोलू?

माझी पहिली मोठी चूक याच आकड्याच्या नादात झाली. कासार आळीत एक शिक्षक राहायचे, शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्याकडे शंभर वॅट लिहिलेली, चांगल्या बनावटीची स्पीकरची जोडी होती. जुना अ‍ॅम्प बिघडला म्हणून मी माझा पंचवीसचा दिला. त्यांनी विचारलं, "अरे, शंभरच्या स्पीकरला पंचवीसचा चालेल ना?" मी ऐटीत म्हटलं, "सर, निर्धास्त राहा. स्पीकर जळायचा तर मोठ्या अ‍ॅम्पने जळेल. छोटा अ‍ॅम्प काय करणार?"

गणपतीत घरात पाहुणे भरले. पोरांनी व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळला, ट्रेबलही पिळला आणि चार तास वाजवलं. दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला. दोन्ही ट्वीटर गेले होते. वूफर ठणठणीत होते, फक्त वरचा आवाज नव्हता. झांजा घोंगडीखालून वाजवल्यासारख्या येत होत्या.

मला कळेचना. पंचवीस वॅटने शंभर वॅटचा स्पीकर जळेलच कसा? सरांनी माझंच बिलबुक मागवलं, पालथं केलं आणि एक लाट काढली. मग वर आणि खाली पट्टीने दोन आडव्या रेघा मारल्या. "हा तुझा सप्लाय. याच्या वर लाट जाऊ शकते का?" नाही. "मग पोरांनी आणखी पिळलं तर?" लाट रेघेला आपटून वरून सपाट होईल. सपाट झालेली लाट म्हणजे नुसतं वाईट गाणं नव्हे. त्या कापलेल्या कडांमधून गाण्यात नसलेले उंच स्वर तयार होतात आणि ते थेट ट्वीटरकडे जातात. पूर्ण सपाट झाली तर अ‍ॅम्पची ताकद लिहिलेल्या वॅटच्या दुपटीपर्यंतही जाते. वूफरची कॉइल जाडजूड असते, ती सहन करते. ट्वीटरची तार केसाएवढी, आणि शंभर वॅटमधला तिचा वाटा मुळातच चिमूटभर. शंभर हा आकडा सगळ्या खोक्याचा होता, त्या बिचारीचा नव्हे.

सरांनी पैसे मागितले नाहीत. ट्वीटर मी माझ्या खर्चाने बसवले. पण त्याच पानावर त्यांनी आणखी एक गणित मांडलं, ते तेव्हापासून माझं रोजचं गणित झालं. अ‍ॅम्प २० व्होल्ट देतोय असं धर. स्पीकर ८ ओमचा असेल तर करंट अडीच अँपिअर, ताकद ५० वॅट. ४ ओमचा लावला तर ५ अँपिअर आणि १०० वॅट. २ ओम केला तर १० अँपिअर, २०० वॅट. नॉब तिथेच आहे, तरी मागणी चौपट झाली.

हे मला सांच्यावरून लगेच पटलं. मोटरवर एक हॉर्सपॉवर लिहिलंय म्हणून ती सांच्यात एक हॉर्सपॉवर ढकलत नाही. सांचा ओढेल तेवढीच वीज ती घेते. सांचा अडकला, मोटर ओढत राहिली, की वायंडिंग जळतं. स्पीकरचंही तसंच. अ‍ॅम्प वॅट पाठवत नाही, स्पीकर मागतो. ओम म्हणजे त्या मागणीला किती अडथळा आहे त्याचं माप. ओम कमी तेवढी भूक जास्त. म्हणून ८ ओमचे दोन स्पीकर एकाच टोकाला समांतर जोडले की ४ ओम होतात, चार जोडले की २. लग्नाच्या मांडवात पोरं एकाला एक खोके जोडत जातात आणि मशीन गरम झालं की त्याच्यावर टेबलफॅन लावतात. पंख्याने ट्रान्झिस्टरचा ताप उतरतो, भूक नाही.

एक गंमत नव्या पोरांना सांगायला हवी. ८ ओमच्या स्पीकरला मल्टिमीटर लावला तर तो ८ दाखवत नाही, साधारण ६ दाखवतो. ४ ओमचा सव्वातीनच्या आसपास. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. गाणं चालू असताना स्वराप्रमाणे हा आकडा वरखाली होत राहतो, कुठे तीस-चाळीसवर जातो, कुठे लिहिलेल्यापेक्षाही खाली येतो. स्पीकर खराब आहे म्हणून ६ ओम आलं, असं सांगून नवा माल गळ्यात मारणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.

सरांनी नंतर एकदा विचारलं, "वॅट हे खाणं झालं. खाऊन तो काम किती करतो?" त्याचं उत्तर मला स्पीकरच्या मागच्या कागदावर मिळालं. सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिला आणि एक मीटरवरून ऐकलं तर किती डेसिबल. गिऱ्हाइकाला हा शब्द सांगितला की त्याचे डोळे दुसरीकडे जातात. म्हणून मी विचारतो, "शेठ, गाडी घेताना टाकी किती लिटरची ते विचारता की अ‍ॅव्हरेज किती देते ते?" हे स्पीकरचं अ‍ॅव्हरेज. घरातला छोटा, सुबक स्पीकर ८७ डेसिबलचा असतो. मांडवात वापरायच्या जातीचा मोठा वूफर सहज ९७ देतो. फरक दहाचा. पण डेसिबलचा हिशेब गुणाकाराचा आहे: तीन वाढवायला दुप्पट वॅट लागतात, दहा वाढवायला दसपट. म्हणजे मोठ्या खोक्याला १० वॅट दिले की जो आवाज येतो, त्यासाठी छोट्याला १०० द्यावे लागतील. आणि एवढी दसपट वीज जाळूनही कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. ५० वॅटचा अ‍ॅम्प काढून ६० चा घेणाऱ्याला मी म्हणूनच परत पाठवतो. त्याला फरक ऐकूच येणार नाही.

दिवाणखान्यात आपण साधारण एक वॅटवर गाणी ऐकतो. हे कोणाला खरं वाटत नाही. पण तबल्याची थाप पडते, सिनेमात दार आपटतं, तेव्हा क्षणभर त्याच्या दहापट, वीसपट, कधी शंभरपट लागतं. चांगल्या अ‍ॅम्पचे जादा वॅट त्या क्षणासाठी असतात. जोरात वाजवायला नव्हे.

व्होल्टेजचंही एक प्रकरण होतं. आमच्या गल्लीत संध्याकाळी सांचे भरात आले की २३० चे १८० व्हायचे. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पमध्ये आतला सप्लायही त्याच प्रमाणात घसरतो, आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. १०० वॅटचा अ‍ॅम्प संध्याकाळी ६० वॅटचा. त्यात माणूस आवाज कमी वाटला म्हणून नॉब पिळणार, म्हणजे पुन्हा तीच सपाट लाट. दुरुस्तीला येणाऱ्या ट्वीटरांचा मोसम असायचा, सणावाराच्या संध्याकाळी. जानेवारी २००७ मध्ये भिवंडीचं वीजवितरण फ्रँचायझीकडे गेलं. पुढे आमच्या गल्लीतलं व्होल्टेज टिकायला लागलं आणि माझ्याकडचे जळके ट्वीटर कमी झाले. बाकीच्या बाबतीत लोकांची मतं वेगवेगळी आहेत, मी माझ्या टेबलावरून सांगतोय.

त्यानंतर गावं बदलली. खाडीपट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली आणि आगरी घरांच्या जागी संगमरवरी बंगले. बंगल्यात हॉल, हॉलमध्ये होम थिएटर. तशा एका बंगल्यातून फोन आला: नवा सात चॅनेलचा रिसीव्हर दहा मिनिटांत बंद पडतो. गेलो. घरमालक झोपाळ्यावर बसून म्हणाले, "घर हाललं पायजे, बाकी मला काय कलत नाय." रिसीव्हरच्या खोक्यावर ठळक १५० वॅट लिहिलेलं. माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात खुलासा: एकच चॅनेल चालू, ६ ओम, एकच स्वर, दहा टक्के विकृती. त्याच्याच खाली दुसरी ओळ: दोन चॅनेल, ८ ओम, सगळे स्वर, ८० वॅट. खरा आकडा तो. अमेरिकेत १९७४ सालीच नियम करून कंपन्यांना वॅट कसे मोजायचे ते सांगावं लागलं, तेव्हा आकडे फुगवणं ही काही आपल्याकडचीच खोड नाही. मी आता रिसीव्हर आधी दोन हातांनी उचलून बघतो. ट्रान्सफॉर्मरवाल्याचं वजनच बरंच बोलून जातं.

बिघाड रिसीव्हरमध्ये नव्हताच. पुढचे टॉवर ४ ओमचे. सजावटवाल्याने हौसेने छतात आणखी दोन स्पीकर बसवले, ८ ओमचे, आणि त्यांच्या तारा टॉवरच्याच टोकांना पिळल्या. चार आणि आठ समांतर, म्हणजे पावणेतीनच्याही खाली. रिसीव्हर बिचारा शहाणा, जळण्याआधी आतला रिले टक करून सोडायचा आणि लाल दिवा लुकलुकवायचा. लोकांना वाटतं दिवा लागला म्हणजे मशीन खराब. तो दिवा मशीन वाचवत असतो.

शिवाय तारा. भिंतीच्या पाइपातून वीस मीटर लांब, बेलला वापरतात तसली पाऊण एमएमची तार ओढलेली. जाऊन-येऊन चाळीस मीटर, जवळजवळ एक ओम. ४ ओमच्या स्पीकरपुढे एक ओमची तार म्हणजे पाचातला एक हिस्सा भिंतीतच संपला. अडीच एमएमची तांब्याची तार ओढली, तो एक ओम पाव ओमच्या आसपास आला. छताच्या स्पीकरला वेगळ्या चॅनेलवर टाकलं. रिसीव्हर बंद पडायचा थांबला.

खरं भांडण पुढे झालं. मेनूमध्ये मी टॉवर 'स्मॉल' केले, म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचे जड स्वर टॉवरकडून काढून सबवूफरला दिले. सबवूफरमध्ये त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प असतो. ते ओझं उतरलं की रिसीव्हर मोकळा श्वास घेतो आणि बोलणं स्वच्छ येतं. पण घरमालकांच्या मुलाने पडद्यावरचा शब्द वाचला. माझ्या छातीएवढे टॉवर, आणि हा मिस्त्री त्यांना स्मॉल म्हणतो! बापाने झोपाळा थांबवला. मी म्हटलं, "काका, दहा मिनिटं असंच ऐका. नाही आवडलं तर लार्ज करतो आणि पैसे घेत नाही." एक मारामारीचा सिनेमा लावला. घर हाललं. काका म्हणाले, "ऱ्हावू दे स्मॉल." त्यांच्या घरच्या हळदीला मात्र दारात बाहेरून मागवलेलाच डीजे लागला. तिथे माझं काही चालत नाही.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती कुठल्याच कागदावर नव्हती. वडिलांच्या बरोबरचे एक जॉबर चाचा, निवृत्त झालेले, कव्वालीचे वेडे. त्यांना मी अ‍ॅम्प आणि स्पीकर जमवून दिले, मोजून-मापून. चार दिवसांनी परत. "मिस्त्री, आवाज में जान नहीं है." मी तपासलं, सगळं ठीक. पुन्हा आले. "टाळी सुनाई नहीं देती." मी स्पीकर बदलून दिला. तिसऱ्यांदा आले तेव्हा बरोबर नातू होता. तो म्हणाला, "दादा, टाळी तो बराबर आ रही है." मी दोघांकडे बघत राहिलो.

चाळीस वर्षं सांच्यांमध्ये. मागशेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, आणि असा आवाज रोज आठ-दहा तास कानावर पडला की पहिला घाव बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. टाळीचा कडकपणा, तबल्याच्या किनारीची टिचकी, बोलण्यातले स, त, क, सगळं तिथेच राहतं. चाचांना कव्वाली ऐकू येत होती, तिची धार येत नव्हती. मी अ‍ॅम्प स्पीकरला जुळवला होता, खोलीला जुळवला होता. ज्याच्यासाठी जुळवायचा त्याचा कान बघितलाच नव्हता. आणि वडील घरी ओरडून का बोलायचे, हे त्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या समजलं. मी लहानपणी त्यांना चिडका समजत होतो.

चाचांसाठी ट्रेबल वाढवावा लागणार होता. ट्रेबल वाढवला की ट्वीटरवर भार येतो, म्हणजे सरांच्या घरचा गणपती पुन्हा. म्हणून उलटं केलं: अ‍ॅम्प दुप्पट ताकदीचा दिला, ट्वीटर दणकट निवडला आणि व्हॉल्यूमच्या नॉबला आतून एक रेझिस्टर घालून, तो पूर्ण पिळला तरी सिग्नल अर्ध्यावरच थांबेल असं केलं. लाट कापली जाऊ नये एवढ्यासाठी. शिवाय कान तपासून घ्या म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, चाचा कधीच कोणाचं ऐकत नाहीत. पण टाळी ऐकू यायला लागली. घरातले बाकी सगळे ट्रेबलने वैतागतात आणि दुपारी कव्वाली लागली की गॅलरीत जाऊन बसतात.

गेल्या महिन्यात गोदामात काम करणारा एक मुलगा तळहाताएवढा बोर्ड घेऊन आला. ऑनलाइन मागवलेला, 'शंभर वॅट', काही शे रुपयांचा. सोबत घरातल्या राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर. आवाज फाटतो, बोर्ड डुप्लिकेट आहे का, म्हणून विचारत होता. मी सरांचं गणित काढलं. अ‍ॅडाप्टरचे १२ व्होल्ट म्हणजे लाटेच्या टोकाची रेघ, म्हणून त्यावर ८ ओमला लाट न कापता जास्तीत जास्त ९ वॅट मिळतात, असा साधा बोर्ड कोणताही असो. बोर्ड खरा होता, त्याला हवे होते चोवीस व्होल्ट. त्याच्या चेहऱ्यावरून मला माझाच पीएमपीओचा काळ आठवला. चोवीसचा जुना सप्लाय होता, तो दिला. मुलगा हुशार आहे, रविवारी शिकायला येतो.

तुम्हीही कधी भिवंडीत स्पीकर किंवा रिसीव्हर घ्यायला आलात तर खोक्यावरच्या वॅटचा फोटो आणू नका. स्पीकरच्या मागच्या पट्टीचा आणा, खोलीची लांबी-रुंदी आणा, तार किती लांब जाणार ते मोजून आणा आणि घरात सगळ्यात जास्त जो ऐकतो त्याला बरोबर आणा. शुक्रवारी या. शुक्रवारी मागचे सांचे बंद असतात.